पैसा नक्की कुणाचा? तुमचा सीए आता हे का विचारतो, त्याची गोष्ट

समजा, सांगलीतले एक हळदीचे व्यापारी आहेत. आपण त्यांना शेठ म्हणू. शेठना पुण्यात एक गाळा घ्यायचाय. गेली पंधरा वर्षं त्यांचा सगळा हिशेब एकच सीए बघतात. शेठना नेटबँकिंग जमत नाही, त्यामुळे मोठी पेमेंटही सीएंच्या ऑफिसातूनच होतात.

गाळ्याचे साठ लाख द्यायचेत. वीस लाख शेठच्या खात्यात आहेत. उरलेले चाळीस लाख सुरतच्या एका कंपनीकडून आलेत.

सीए विचारतात, "शेठ, ही कंपनी कुणाची?"

"आपल्या दोस्ताची आहे."

"दोस्त तिथे डायरेक्टर आहेत का? पैसे उसने आहेत की कशापोटी आलेत?"

शेठ वैतागतात. "साहेब, पंधरा वर्षांत कधी विचारलं नाहीत. आज काय झालं?"

ही गोष्ट आपण कल्पनेतली घेतलीय. पण असाच सवाल-जवाब तुमच्याही सीएच्या केबिनमध्ये झाला असेल किंवा पुढेमागे होईल. सीए अचानक संशयी झालाय, असं त्यामागे काही नाही. त्याच्यावर कायद्याने एक नवी जबाबदारी आलीय. ती नेमकी काय आहे, कुठल्या कामांना लागू होते आणि तुमच्या-आमच्यावर तिचा काय परिणाम होतो, ते समजून घेऊ.

आधी बेसिक, मनी लाँडरिंग म्हणजे काय?

लाँडरिंग म्हणजे कपडे धुणं. इथे धुतात तो पैसा. लाच, ड्रग्ज, फसवणूक, खंडणी अशा गुन्ह्यातून आलेला पैसा थेट वापरायला गेलं की प्रश्न येतात. म्हणून त्याला एक सभ्य कहाणी लागते. "हा माझ्या धंद्याचा नफा आहे", "हे कंपनीचं कर्ज आहे", "ही जमीन विकली त्याचे आलेत" अशी कुठलीही.

हे साधारण तीन टप्प्यांत होतं. पहिल्यांदा पैसा कुठल्यातरी मार्गाने बँकिंग व्यवस्थेत घुसवायचा. मग तो या खात्यातून त्या खात्यात, या कंपनीतून त्या कंपनीत इतका फिरवायचा की माग काढणारा दमला पाहिजे. आणि शेवटी त्यातून फ्लॅट, जमीन, शेअर्स, धंदा असं काहीतरी घ्यायचं. आता तो पैसा पांढऱ्या कपड्यात समाजात वावरायला मोकळा.

भारतात याविरुद्धचा कायदा म्हणजे प्रिव्हेन्शन ऑफ मनी लाँडरिंग ॲक्ट, म्हणजेच पीएमएलए. कायदा २००२ चा, पण लागू झाला १ जुलै २००५ ला. योगायोग बघा, १ जुलै हाच देशात सीए दिवस असतो, कारण सीएंची संस्था आयसीएआय १ जुलै १९४९ ला स्थापन झाली. पण कायदा आला तेव्हा त्यात सीएंवर अशी जबाबदारी नव्हती. ती यायला पुढे जवळपास अठरा वर्षं लागली.

मग यात सीए कुठून आला?

वरचे तीन टप्पे परत बघा. दुसरा आणि तिसरा टप्पा गुंडगिरीने होत नाही. त्याला कागद लागतात. कंपनी काढावी लागते, ट्रस्ट करावा लागतो, ताळेबंद लागतो, खरेदीखत लागतं. ही कामं ज्यांना येतात त्यांच्याकडेच जावं लागतं.

म्हणूनच या विषयातले जाणकार सीए, वकील, कंपनी सेक्रेटरी यांना 'गेटकीपर' म्हणतात. सोसायटीच्या वॉचमनसारखं. वॉचमन चोर नसतो आणि पोलीसही नसतो. पण आत कोण गेलं, कुणाकडे गेलं, हे त्याच्या वहीत असायला हवं. त्याने डोळे मिटले तर पुढचे सीसीटीव्ही फार कामाचे नाहीत.

ही कल्पना भारतात जन्मलेली नाही. एफएटीएफ नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. जी-७ देशांनी १९८९ मध्ये ती सुरू केली, तिचं मुख्यालय पॅरिसमध्ये आहे आणि भारत २०१० पासून तिचा सदस्य आहे. मनी लाँडरिंग रोखायला प्रत्येक देशाने काय करावं, याची यादी ही संस्था करते. २००३ मध्ये या यादीत बँकांच्या जोडीला हिशेबनीस, वकील, इस्टेट एजंट, सराफ, कॅसिनो यांचाही समावेश झाला. ब्रिटनमध्ये २००४ पासून अकाउंटंटवर अशी बंधनं आहेत, आणि तिथे टॅक्स सल्लागारही त्यात येतात. ऑस्ट्रेलियाने यासाठी कायदा बदलला तो थेट २०२४ मध्ये.

आपल्याकडे हे हळूहळू झालं. गोव्यातले कॅसिनो आधीच पीएमएलएच्या कक्षेत आले होते. डिसेंबर २०२० मध्ये रोखीत मोठे व्यवहार करणारे सराफ आणि ठरावीक उलाढालीच्या वरचे इस्टेट एजंट आले. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टोचे प्लॅटफॉर्म आले. त्यानंतर नंबर लागला सीएंचा.

३ मे २०२३ ला काय झालं?

त्या दिवशी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. प्रॅक्टिस करण्याचं प्रमाणपत्र असलेले चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांनी क्लायंटच्या वतीने काही ठरावीक आर्थिक व्यवहार केले, तर ते पीएमएलएच्या कक्षेत येतील, असं त्यात म्हटलं होतं. एकटा सीए असो किंवा फर्म, दोघांनाही ते लागू आहे. कंपनीत नोकरी करणारा सीए मात्र यात येत नाही.

ही कामं पाच आहेत.

१. स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री.
२. क्लायंटचे पैसे, शेअर्स किंवा इतर मालमत्ता सांभाळणं.
३. क्लायंटची बँक, बचत किंवा डिमॅटसारखी खाती चालवणं.
४. कंपनी काढण्यासाठी किंवा चालवण्यासाठी भांडवल उभं करून देणं.
५. कंपनी, एलएलपी किंवा ट्रस्ट स्थापन करणं, चालवणं आणि धंद्यांची खरेदी-विक्री.

आपल्या शेठचं प्रकरण आठवा. गाळ्याची खरेदी आहे, आणि पेमेंट सीएच्या ऑफिसातून होतंय. म्हणजे पहिलं आणि तिसरं, दोन्ही कलमं लागू झाली. त्यामुळे सीएंना तो प्रश्न विचारणं भागच होतं.

लगेच सहा दिवसांनी, ९ मे २०२३ ला दुसरी अधिसूचना आली. दुसऱ्यासाठी कंपनी काढून देणं, कंपनीला नोंदणीचा पत्ता पुरवणं, दुसऱ्याच्या वतीने डायरेक्टर किंवा नावापुरता शेअरहोल्डर होणं, अशी कामं व्यवसाय म्हणून करणाऱ्या कुणालाही तिने कक्षेत घेतलं. "सीएने प्रश्न विचारले तर एजंटकडून कंपनी काढू" ही पळवाट त्यामुळे बऱ्यापैकी बुजली.

मग इन्कम टॅक्स रिटर्न आणि ऑडिटचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. वरची पाच कामं परत वाचा. त्यात रिटर्न भरणं नाही, ऑडिट नाही, जीएसटी नाही आणि नुसता सल्ला देणंही नाही. अधिसूचनेतले कळीचे शब्द आहेत 'क्लायंटच्या वतीने केलेले आर्थिक व्यवहार'.

म्हणजे शेठ सीएंना म्हणाले, "गाळा घेतला तर टॅक्स किती बसेल?" आणि सीएंनी आकडा सांगितला, तर तो सल्ला झाला. पण शेठच्या खात्यातून सीएंनीच पैसे पाठवले, तर तो व्यवहार झाला. रेषा इथे आहे.

त्यामुळे पगारदार माणसाने फॉर्म सोळा घेऊन सीएकडे रिटर्न भरायला जाताना या कायद्याचं टेन्शन घ्यायचं कारण नाही.

सीएने नक्की करायचं काय?

या पाच कामांपैकी एखादं काम हातात घेतलं की सीए कायद्याच्या भाषेत 'रिपोर्टिंग एंटिटी' होतो. म्हणजे जी जबाबदारी बँकेवर असते, तीच त्याच्यावर येते. जुलै २०२३ मध्ये या तिन्ही व्यवसायांसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या. सगळं सोप्या भाषेत सांगायचं तर सीएने पाच गोष्टी बघायच्या.

*एक, समोरचा माणूस कोण आहे?* हे म्हणजे केवायसी. ओळखीचा आहे, गावचा आहे, मित्राचा मेहुणा आहे, हे चालत नाही. कागद हवेत.

*दोन, त्याच्यामागे कोण आहे?* इथे खरी मेख आहे. कंपनी काही खुर्चीत येऊन बसत नाही, तिच्यामागे माणसं असतात. त्या खऱ्या मालकाला म्हणतात 'बेनिफिशियल ओनर'. आधी कंपनीत २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेली व्यक्ती शोधावी लागायची. मार्च २०२३ मध्ये ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली.

एक उदाहरण घेऊ. 'अ' कंपनीत ६० टक्के हिस्सा 'ब' कंपनीचा आहे. 'ब' मध्ये ३० टक्के हिस्सा एका व्यक्तीचा. मग 'अ' मध्ये त्या व्यक्तीचा अप्रत्यक्ष हिस्सा किती? ६० टक्क्यांचे ३० टक्के, म्हणजे १८ टक्के. जुन्या नियमात हा माणूस निसटला असता. नव्या नियमात त्याचं नाव कागदावर येतं.

*तीन, पैसा कुठून आला?* जास्त जोखमीचं प्रकरण असेल तर क्लायंटची आर्थिक स्थिती आणि पैशाचा स्रोत जास्त बारकाईने तपासायचा.

*चार, नोंदी ठेवायच्या.* व्यवहाराच्या नोंदी व्यवहारापासून पाच वर्षं. क्लायंटच्या ओळखीचे कागद त्याच्याशी संबंध संपल्यानंतरही पाच वर्षं.

*पाच, संशय आला तर कळवायचं.* कुणाला? फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट-इंडिया, म्हणजे एफआययूला. ही यंत्रणा नोव्हेंबर २००४ मध्ये उभी राहिली आणि ती अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली येते. एफआययू धाडी टाकत नाही. ती देशभरातून आलेल्या माहितीचे तुकडे जुळवते आणि गरज वाटली तर ईडी, इन्कम टॅक्स अशा यंत्रणांकडे पाठवते. एका सीएला दिसलेली एक विचित्र एंट्री किरकोळ वाटेल. पण तीच कंपनी सुरत, नागपूर आणि इंदूरच्या तिघांच्या अहवालात आली, तर चित्र तयार होतं.

दहा लाखांच्या वरच्या रोख व्यवहारांचा अहवाल वेगळा असतो. पण संशयास्पद व्यवहाराला अशी कुठलीही किमान रक्कम नाही. आणि व्यवहार पूर्ण झाला नाही, नुसता प्रयत्न झाला, तरी तो कळवायचा असतो.

संशयास्पद म्हणजे कसं ओळखायचं?

यात रॉकेट सायन्स नाही. डायरेक्टर म्हणून सही करणाऱ्याला कंपनी काय विकते हेच माहीत नाही. एका खोलीच्या पत्त्यावर बारा कंपन्या आहेत. धंदा भाजीचा आणि खात्यात येतात परदेशातून सॉफ्टवेअरचे पैसे. पंधरा दिवसांत पैसे आले आणि तितकेच निघून गेले, शिल्लक शून्य. साध्या कामासाठी चार कंपन्यांची साखळी हवीय, पण का हवीय ते सांगता येत नाही. फी दुप्पट घ्या पण प्रश्न विचारू नका.

यातलं काही दिसलं म्हणजे गुन्हा झालाच, असं नाही. सीएने गुन्हा सिद्ध करायचा नाहीये, तो न्यायाधीश नाही. उत्तर पटलं नाही तर ते कळवायचं, एवढंच.

कळवलं, तर क्लायंटला सांगायचं का?

नाही. आणि या कायद्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

अहवाल पाठवला ही गोष्ट गुप्त ठेवावी लागते. ज्याच्याबद्दल पाठवला, त्याला तर अजिबात कळू द्यायचं नाही. कारण कळलं की पैसा दुसऱ्या दिवशी गायब.

आता सीएच्या जागी बसून बघा. क्लायंटची माहिती बाहेर न सांगणं हा या पेशाचा पाया आहे. १९४९ च्या सीए कायद्यात क्लायंटच्या परवानगीशिवाय त्याची माहिती उघड करणं गैरवर्तन मानलंय. त्याला अपवाद आहे तो कायद्याने उघड करणं बंधनकारक असेल तेव्हाचा. पीएमएलए हा तो अपवाद. शिवाय कायद्यानुसार माहिती दिली म्हणून सीएवर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असं संरक्षण पीएमएलएच्या कलम १४ मध्ये आहे.

कायदा संरक्षण देतो हे खरं. पण तालुक्याच्या गावात सीए आणि क्लायंट एकमेकांच्या घरच्या लग्नात वाढायला उभे असतात. कागदावरचं संरक्षण वेगळं आणि रोज समोर येणाऱ्या माणसाच्या नजरेला नजर देणं वेगळं.

आणि नाही कळवलं तर?

इथे दोन गोष्टींची सतत गल्लत होते, त्यामुळे नीट वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे कामातली चूक. केवायसी केलं नाही, नोंदी ठेवल्या नाहीत, अहवाल दिला नाही. यासाठी एफआययूचे संचालक लेखी ताकीद देऊ शकतात, सुधारणा करायला सांगू शकतात आणि प्रत्येक चुकीसाठी दहा हजार ते एक लाख रुपये दंड लावू शकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे गुन्ह्यात सामील होणं. माहीत असूनही काळा पैसा धुवायला मदत केली, तर कलम ३ खाली तो मनी लाँडरिंगचाच गुन्हा आहे. त्याला तीन ते सात वर्षं सक्तमजुरी आणि दंड आहे. अमली पदार्थांशी संबंधित प्रकरणात ही शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. हे कलम २०२३ च्या आधीही होतं आणि ते सीए, बिल्डर, नेता, कुणालाही लागू होतं.

२०२३ च्या बदलाने फरक काय पडला? आधी सीए म्हणू शकत होता की "मला क्लायंटने सांगितलं तसं मी केलं, पैसा कुठून आला हे विचारणं माझं काम नव्हतं". वरच्या पाच कामांत आता हे म्हणता येत नाही. विचारणं हेच त्याचं काम झालंय.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप, वकील का नाहीत? मे २०२३ च्या पहिल्या अधिसूचनेत सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट आहेत, वकील नाहीत. वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेला कायद्यात खास स्थान आहे, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पण जमिनीचा व्यवहार वकिलानेही करून दिला तर काम तेच, मग नियम वेगळा का, असं सीए विचारतात.

दुसरा आक्षेप ओझ्याचा. मोठ्या फर्मकडे यासाठी माणसं आणि सॉफ्टवेअर असतात. एक सीए, दोन आर्टिकल आणि एक टायपिस्ट, अशा ऑफिसने मालकीच्या साखळ्या किती शोधायच्या?

तिसरा आक्षेप पीएमएलएच्या धाकाचा. या कायद्यात जामीन मिळणं अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ईडीचे अधिकार आणि जामिनाच्या अटी कायम ठेवल्या. त्यामुळे प्रामाणिक चुकीलाही सामील असल्याचा रंग दिला गेला तर, ही भीती पोकळ म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. एफएटीएफने भारताचं मूल्यांकन करून सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. भारताला त्यात चांगली श्रेणी मिळाली, पण बँकांच्या बाहेरच्या काही क्षेत्रांत देखरेख आणि अंमलबजावणी सुधारायला हवी, असंही सांगितलं. म्हणजे नियम झाले, काम बाकी आहे.

यात तुमचा-माझा काय संबंध?

दोन ठिकाणी संबंध येतो.

एक, तुम्ही साधे, सरळ क्लायंट असाल तर. वडिलांनी शेतजमीन विकून घरासाठी पैसे दिले, भावाने दुबईहून पाठवले, मित्राने उसने दिले. यात गैर काहीच नाही, पण कागद सांभाळा. खरेदीखताची प्रत, बँकेची एंट्री, बक्षीसपत्र किंवा उसनवारीचा साधा करार. सीएने विचारलं तर चिडू नका. त्याच्या फाइलमधला तो कागद उद्या तुमच्याच कामी येईल.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. "तुझं फक्त आधार-पॅन दे, कंपनीत डायरेक्टर कर म्हणतायत, महिन्याला दहा हजार मिळतील, करायचं काहीच नाही." नोकरी शोधणाऱ्या पोराला असं कुणी म्हटलं तर मोह होतो. पण पैसा धुणाऱ्याला हवा असतो तो असाच माणूस, ज्याचं नाव स्वच्छ आहे आणि जो प्रश्न विचारत नाही. उद्या चौकशी आली तर कागदावर सही तुमची असते. खरा मालक कुठेच नसतो. अशा वेळी कुणी सीए तुम्हाला बाजूला घेऊन "ही कंपनी काय करते, तुला माहितीये का?" असं विचारत असेल, तर तो प्रश्न तुम्हाला वाचवणारा आहे.

आणि शेठचं काय झालं?

दोन शक्यता आहेत. दुसऱ्या दिवशी शेठ सुरतच्या दोस्ताकडून कर्जाचा करार, कंपनीचा ठराव आणि मालकांची नावं घेऊन येतात. सीए कागद फाइलला लावतात, पेमेंट करतात, दोघं चहा पितात. विषय संपतो.

किंवा शेठ म्हणतात, "ते राहू द्या साहेब, पैसे करा ट्रान्सफर." सीए त्या दिवशी पेमेंट करत नाहीत. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर ते एक अहवाल भरतात. आणि पुढच्या महिन्यात शेठ रिटर्नचे कागद घेऊन येतात, तेव्हा नेहमीसारखंच विचारतात, "बसा शेठ, चहा सांगू?"

पंधरा वर्षांच्या ओळखीत हे सोपं नाही. पण शेठना तरी ठाऊक आहे का, की ते चाळीस लाख नक्की कुणाचे होते?